चलनावरचा ४५६७१ म्हणजे कुठली तारीख? साठवलेल्या आकड्यांचा वाचता येणारा मजकूर कसा करायचा

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलं, चलनं (मालासोबत जाणारे कागद), गोदामाच्या नोंदी ठेवणारे छोटे प्रोग्राम लिहिणं हे माझं रोजचं काम. २०२५च्या संक्रांतीला गड्डा यात्रेनं शहर भरून गेलं होतं आणि अशात एका दुकानाच्या मुनीमकाकांचा फोन आला. "दादा, चलनावर हे काय छापून यायलंय? गाडीवाला विचारायलाय, माल कधी निघाला म्हणून. त्याला काय, पंचेचाळीस हजार सहाशे एक्काहत्तर सांगू?" पाठोपाठ त्यांनी चलनाचा फोटो पाठवला. त्यावर छापलं होतं:

स्थिती: ३
तारीख: ४५६७१
राज्य: २९
ट्रान्सपोर्टचा एसटीडी कोड: २१७
रक्कम: २७४३५८६

साठवणीतली प्रत्येक किंमत बरोबर होती. छपाईचं नवं पान मी आदल्या रात्री लिहिलं होतं आणि साठवलेले आकडे जसेच्या तसे कागदावर पाठवले होते. चूक माझीच होती. ती दुरुस्त करताना जे करावं लागलं ते याच चलनाच्या ओळी धरून क्रमानं सांगतो. प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही असो, पायऱ्या याच राहतात.

पायरी पहिली: आकडा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

कोड लिहायच्या आधी प्रत्येक रकान्यासमोर कागदावर एक शब्द लिहा: मोजमाप, संकेतांक, क्षण किंवा ओळख. रक्कम आणि नग ही मोजमापं. स्थितीचा ३ हा संकेतांक, तो एका अर्थाच्या जागी उभा आहे. तारीख हा क्षण. एसटीडी कोड, पिनकोड, राज्याचा जीएसटी कोड, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा कोड) या ओळखी. त्या दिसतात आकड्यांसारख्या, पण त्यांची बेरीज केली तर काहीच अर्थ निघत नाही. ४१३००१ आणि ४१३००६ हे सोलापूरचे दोन पिनकोड मिळवून काय हाती लागणार? ज्याची बेरीज निरर्थक, तो आकडा मजकूर म्हणूनच साठवायचा.

ओळखीच्या रकान्यात मार बसतो तो सुरुवातीच्या शून्याला. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. रकाना संख्येचा ठेवला की शून्य गळतं आणि उरतं २१७. जीएसटीचे राज्य कोड तर फसवे आहेत. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. आपला व्यापार बहुतेक याच तीन राज्यांत, त्यामुळे वर्षभर सगळं सुरळीत चालतं. मग दिल्लीचं पहिलं गिऱ्हाईक येतं आणि त्याचा ०७ नुसता ७ होऊन छापला जातो.

शून्य आधीच गळलेली असतील तर ती परत भरता येतात, पण ठरलेली लांबी माहीत असेल तरच. राज्याचा कोड नेहमी दोन अंकी, म्हणून डावीकडून शून्य लावून दोन अंक करा. बिलावरचा एचएसएन कोड चार, सहा किंवा आठ अंकी, म्हणजे सम लांबीचा. टॉवेल-बेडशीटचा ६३०२ सुखरूप राहतो, पण दुधाचा ०४०१ संख्येच्या रकान्यात जाऊन ४०१ होतो. तेव्हा विषम लांबीचा एचएसएन दिसला की समोर एक शून्य गळालंय असं समजा. एसटीडी कोडची लांबी मात्र शहरागणिक बदलते, पुण्याचा ०२० आणि आपला ०२१७. तिथे ठरावीक लांबी लावू नका, समोर एकच शून्य जोडा.

पायरी दुसरी: संकेतांकाला शब्द द्या, आणि शब्द कोडमध्ये पुरू नका

स्थिती ३ म्हणजे माल गाडीत चढवला. हे लिहायची सोपी वाटणारी रीत म्हणजे जर-तरची माळ: १ असेल तर हे, २ असेल तर ते. दोन महिन्यांनी तीच माळ छपाईच्या पानात, एसएमएसमध्ये आणि अहवालात वेगवेगळ्या शब्दांत सापडते. त्यापेक्षा एक तक्ता करा आणि सगळ्यांनी तिथूनच वाचावं:

१ – मागणी नोंदवली
२ – गठ्ठे बांधले
३ – गाडीत चढवला
४ – पोचला
९ – रद्द

मधले ५ ते ८ मोकळे ठेवलेत ते पुढच्या गरजेसाठी. एकदा वापरलेल्या आकड्याचा अर्थ कधीही बदलू नका. ४ला उद्या 'परत आला' असा अर्थ दिलात तर गेल्या वर्षीचा पोचलेला सगळा माल कागदोपत्री परत आलेला दिसेल.

तक्त्यात नसलेला आकडा आला तर? रिकामी जागा छापू नका आणि तक्त्यातला पहिला शब्दही छापू नका. 'अनोळखी स्थिती: ७' असं आकड्यासकट छापा. मुनीमकाका फोनवर तो ७ वाचून दाखवतील आणि तुम्हाला चूक पाच मिनिटांत सापडेल. तसंच शून्य आणि 'नोंदच नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. येणे बाकी शून्य असणं ही आनंदाची बातमी. बाकी नोंदवलेलीच नसणं हे अपुरं काम. दोन्हींच्या जागी '०' छापलात तर वसुली चुकते.

तक्त्याचा आणखी एक फायदा आपल्या गावात लगेच कळतो. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड सुरू होते. तक्त्याला भाषेचा एक स्तंभ जोडला की तीच ३ कामगाराला तेलुगूत आणि गाडीवाल्याला कन्नडमध्ये दाखवता येते. साठवलेला आकडा एकच, वाचणारे अनेक.

पायरी तिसरी: तारीख – आधी विचारा, मोजणी कुठून आणि कशानं

४५६७१ हा एक्सेलचा दिवसांचा हिशेब होता. गिऱ्हाइकांच्या जुन्या याद्या एक्सेलमधून घेतल्या होत्या आणि त्यांच्यासोबत तारखा आकडे होऊन आल्या. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. पण एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, प्रत्यक्षात ते नव्हतं. त्या नसलेल्या २९ फेब्रुवारीमुळे पुढचे सगळे आकडे एकानं वाढतात. म्हणून आपल्या कामाच्या तारखांसाठी ३० डिसेंबर १८९९ हा शून्यावा दिवस धरा आणि त्यात आकडा मिळवा. ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५, आणि तिथून तेरा दिवस पुढे ४५६७१, म्हणजे १४ जानेवारी २०२५. संक्रांत.

दुसरी मोजणी युनिक्स या संगणक-प्रणालीची: १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद, तेही जागतिक प्रमाणवेळेनुसार. आजचा असा आकडा दहा अंकी असतो. तेरा अंकी दिसला तर ते मिलिसेकंद आहेत, जावास्क्रिप्ट तसेच देतं. आधी हजारानं भागा. न भागता सेकंद समजून वापरलात तर साल पाच अंकी निघतं, त्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते.

न दिसणारी चूक वेळेच्या पट्ट्याची असते. हे एका यंत्रमागाच्या कारखान्यात मी जवळून पाहिलंय. रात्रपाळी पहाटे चारला सुटायची आणि सुटताना किती टॉवेल निघाले त्याची नोंद व्हायची. साठवलेला आकडा होता १७३६८०७४००. सोलापूरच्या घड्याळात हा क्षण १४ जानेवारी २०२५ची पहाट, चार वाजता. सर्व्हर मात्र जागतिक प्रमाणवेळेत चालत होता. त्याच्या लेखी १३ जानेवारी, रात्रीचे साडेदहा. अहवालात त्या पाळीचे टॉवेल आदल्या दिवशी पडले. त्या दिवशीची मजुरी कमी दिसली आणि कामगारांनी तक्रार केली. तक्रार रास्त होती, माल त्यांनी विणला होता.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. साठवताना जागतिक प्रमाणवेळच साठवा. दाखवताना भारतीय वेळेचा पट्टा नाव घेऊन सांगा. सर्व्हरला जो वाटेल तो घेऊ देऊ नका. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे १९,८०० सेकंद. आणि दिवसवार बेरीज करायची असेल तर पट्टा आधी बदला, मग दिवस पाडा. उलट क्रमानं केलंत तर तारीख नीट छापली जाईल आणि बेरीज तरीही चुकीची येईल.

आता आकड्याचे शब्द. महिन्यांच्या नावांचा बाराचा तक्ता आणि वारांचा सातचा तक्ता करा, पण मोजणी कुठून सुरू होते ते तपासून. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना आणि रविवार शून्यावा वार. पायथनमध्ये जानेवारी पहिला, पण आठवड्याचा शून्यावा वार सोमवार. १४ जानेवारी २०२५ला मंगळवार होता. जावास्क्रिप्ट त्याला २ म्हणतं, पायथन १. एकाचा तक्ता दुसऱ्याला जोडलात तर सगळे वार एका दिवसानं सरकतात, आणि ज्याच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी असते त्याच्या ते आधी लक्षात येतं.

छापताना महिना अक्षरांत घ्या: '१४ जानेवारी २०२५, मंगळवार'. ०३/०४/२०२५ हे ३ एप्रिल की ४ मार्च, यावरून माल अडकू देण्यात काहीच शहाणपण नाही.

जाता जाता: सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित (उणे-अधिक दोन्ही संख्या घेणाऱ्या) रकान्यात साठवले असतील तर ती जागा १९ जानेवारी २०३८ला संपते. नवा प्रोग्राम लिहीत असाल तर आजच ६४ बिटांचा रकाना घ्या.

पायरी चौथी: रक्कम – पैशांत साठवा, रुपयांत दाखवा

चलनावरचे २७४३५८६ हे पैसे होते, रुपये नव्हेत. मुनीमकाकांनी ते सत्तावीस लाख वाचले असते तर शंभरपट घोटाळा झाला असता.

मग पैशांत साठवायचंच कशाला? कारण दशांश अपूर्णांक संगणकात नेमके बसत नाहीत. १९.९९ला १००नं गुणा, बहुतेक भाषांमध्ये उत्तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९… असं येतं. त्याचा पूर्णांक भाग घेतला की १९९८ उरतात आणि एक पैसा गायब होतो. महिनाअखेरीला ताळेबंद जुळत नाही तेव्हा हेच एकेक पैसे शोधत बसावं लागतं. म्हणून साठवण पूर्ण पैशांत आणि रुपये फक्त दाखवण्यापुरते.

१००नं भागून भागाकार म्हणजे रुपये, बाकी म्हणजे पैसे: २७,४३५ रुपये ८६ पैसे. इथे दोन खड्डे आहेत.

बाकी एक अंकी आली तर समोर शून्य लावा. २७४३५०५ पैशांचे २७,४३५.०५ व्हायला हवेत. शून्य न लावता जोडलंत तर २७,४३५.५ छापलं जाईल आणि वाचणारा ते पन्नास पैसे समजेल.

दुसरा खड्डा परतीच्या मालाचा. रक्कम उणे १२३४५ पैसे आहे. पायथनमध्ये पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला सरकतो, त्यामुळे भागाकार उणे १२४ आणि बाकी ५५ येते. छापलं जातं उणे १२४.५५, खरे आहेत उणे १२३.४५. आधी चिन्ह बाजूला काढा, उरलेल्या धन संख्येचा मजकूर करा, शेवटी समोर 'वजा' लावा. हा नियम सगळ्या भाषांत चालतो, म्हणून मी तोच पाळतो.

स्वल्पविराम आपल्या पद्धतीचे हवेत: उजवीकडून पहिले तीन अंक, त्यानंतर दोन-दोन. २७,४३,५८६. पायथनची साधी स्वल्पविरामाची सोय सगळीकडे तीन-तीनच पाडते आणि २,७४३,५८६ देते. असा आकडा आपला माणूस बोट ठेवून मोजल्याशिवाय वाचू शकत नाही. जावास्क्रिप्टच्या तयार सोयीला मराठी-भारत हे लोकेल (भाषा आणि देशाची निवड) दिलंत तर आपले स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही मिळतात. इंग्रजी-भारत दिलंत तर स्वल्पविराम तेच, आकडे इंग्रजी. स्वतः लिहायचं तर अवघड नाही. शेवटचे तीन अंक तोडून ठेवा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे तुकडे करा, स्वल्पविरामांनी जोडा.

देवनागरी आकडे हाताने करायचे असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, '०' हे अक्षर २४०६ क्रमांकावर आहे आणि '९' हे २४१५वर. प्रत्येक अंकात २४०६ मिळवा, त्या क्रमांकाचं अक्षर घ्या. उलट वाटेनं, मुनीमकाकांनी मराठी कीबोर्डवर '१२०' टाइप केलं तर पायथन ते सरळ एकशे वीस समजतं. जावास्क्रिप्ट समजत नाही, तिथे आधी इंग्रजी अंक करून घ्यावे लागतात.

पायरी पाचवी: अक्षरी रुपये

हा भाग मला सगळ्यात प्रिय, कारण इथे मराठीचा स्वभाव कोडमध्ये उतरवावा लागतो. चेकवर, पावतीवर, चलनावर 'अक्षरी रुपये' ही ओळ लागतेच. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावं एवढ्या भांडवलावर काम भागतं. मराठीत तेवीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर या प्रत्येकात तीन वेगळं रूप घेऊन येतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती पद्धत सोपी पडली असती हे खरं. पण पावती वाचणारा माणूस 'शहाऐंशी' म्हणतो, आणि मजकूर त्याच्यासाठी आहे. नियम शोधत बसू नका, शंभर शब्दांची यादी करा. शून्यापासून सुरू केली की यादीतला क्रमांक म्हणजेच संख्या:

शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ,
दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस,
वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस,
तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस,
चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
पन्नास, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ,
साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर,
सत्तर, एक्काहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी,
ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद,
नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव

एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ असं करत आलेली वाट नव्व्याण्णवला मोडते, 'एकोणशंभर' कुणी म्हणत नाही. यादी हवी ती अशा जागांसाठी.

पुढचं काम भागाकाराचं. संख्या न मानली तर:

शब्दांत(न):
न = ० असेल तर "शून्य" देऊन परत फिरा
कोटी = न ÷ १,००,००,००० चा पूर्णांक भाग; न = बाकी
लाख = न ÷ १,००,००० चा पूर्णांक भाग; न = बाकी
हजार = न ÷ १,००० चा पूर्णांक भाग; न = बाकी
शेकडा = न ÷ १०० चा पूर्णांक भाग; न = बाकी
कोटी > ० तर जोडा: शब्दांत(कोटी) + " कोटी"
लाख > ० तर जोडा: यादी[लाख] + " लाख"
हजार > ० तर जोडा: यादी[हजार] + " हजार"
शेकडा = १ आणि न = ० तर जोडा: "शंभर"
एरवी शेकडा > ० तर जोडा: यादी[शेकडा] + "शे"
न > ० तर जोडा: यादी[न]
सगळे तुकडे एकेका जागेनं जोडून परत द्या

कोटीच्या ओळीत प्रक्रिया स्वतःलाच बोलावते, कारण कोटीचा आकडा ९९च्या पुढे जाऊ शकतो. लाख आणि हजार कधीच ९९च्या पुढे जात नाहीत, त्यांना यादी पुरते. 'शे'आधी जागा नाही: दोनशे, नऊशे. आणि शंभर हा एकटाच मानकरी: १०० म्हणजे शंभर, पण १०१ म्हणजे एकशे एक. वरच्या रीतीनं १,१०० ला 'एक हजार शंभर' येईल. काही जण 'एक हजार एकशे' लिहितात. दोन्ही चालतं, फक्त एका दुकानात एकच ठेवा.

आपलं चलन यातून काढू. २७,४३५मध्ये कोटी नाही, लाख नाही. हजार २७, शेकडा ४, उरले ३५. 'अक्षरी रुपये सत्तावीस हजार चारशे पस्तीस आणि शहाऐंशी पैसे फक्त'. बिल पूर्ण रुपयात करायचं असेल तर आधी १४ पैसे राउंड ऑफचे वाढवा, ती ओळ बिलावर दाखवा, मग २७,४३६चे शब्द करा. आकडा एक आणि अक्षर भलतंच, अशी पावती कुणीही परत करेल.

सव्वा, दीड, अडीच यांना पावतीवर जागा नाही, पण मालकाच्या मोबाइलवर रोजची विक्री दाखवताना त्यांच्याइतकं चटकन काहीच कळत नाही. १,२५,००० म्हणजे सव्वा लाख, १,५०,००० दीड लाख, १,७५,००० पावणेदोन, २,५०,००० अडीच. साडे सुरू होतं ते साडेतीनपासून. हे पाव-पावाच्या नेमक्या आकड्यांनाच लावा. इतर वेळी दोन दशांशांत लाख दाखवा, आणि एक काळजी घ्या: ९९,९९,६०० ला लाखांत बसवून गोळाबेरीज केली की '१००.०० लाख' येतं. आधी गोळाबेरीज करा, मग लाख की कोटी ते ठरवा.

पायरी सहावी: आकड्याबरोबर नामही बदलतं, आणि क्रियापदही

'१ गठ्ठे पाठवले' असा एसएमएस वाचला की माणसानं लिहिलेला नाही हे लगेच कळतं. वस्तूंच्या तक्त्यात एकवचन आणि अनेकवचन असे दोन स्तंभ ठेवा. चादर–चादरी, गठ्ठा–गठ्ठे, टॉवेल–टॉवेल, रुपया–रुपये. शेवटी काही जोडून अनेकवचन करायचा मोह टाळा, मराठीत तो फसतो.

क्रियापद त्याहून अवघड. एक चादर पाठवली, पाच चादरी पाठवल्या, एक गठ्ठा पाठवला, पाच गठ्ठे पाठवले. प्रत्येक वस्तूचं लिंग साठवून हे साधता येतं, पण त्यापेक्षा वाक्यच असं बांधा की क्रियापदाला वस्तूची गरज पडणार नाही: 'पाठवलेला माल: ५ चादरी, १ गठ्ठा'. क्रमवाचकांनाही लिंग असतं. पाळी पहिली, दुसरी, तिसरी. मजला पहिला, दुसरा, तिसरा. आकड्याला 'वी' चिकटवून 'दोनवी पाळी' छापू नका, लहानसा तक्ता करा.

पायरी सातवी: आकड्यांतून अक्षरं

संगणकाच्या पोटात मजकूरही आकडेच असतो. 'सोलापूर' म्हणजे युनिकोडचे सात क्रमांक: २३६०, २३७९, २३५४, २३६६, २३४६, २३७०, २३५२. क्रमानं स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. हे क्रमांक बाइटांत साठवायची एक रीत म्हणजे यूटीएफ-८; तिच्यात यातला प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. एकटा 'स' म्हणजे २२४, १६४, १८४. एकूण एकवीस बाइट. हेच बाइट यूटीएफ-८ ऐवजी जुन्या युरोपीय संकेतानं वाचले की एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसतात. गावांची नावं अशी फुटलेली दिसली तर साठवण बिघडली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा वाचतानाचा संकेत चुकलेला असतो आणि तो दुरुस्त केला की नाव जसंच्या तसं परत येतं.

गावाच्या नावाला वीस बाइटांचा रकाना दिलात तर 'सोलापूर' पूर्ण मावत नाही. शेवटच्या 'र'चे दोनच बाइट आत जातात आणि छपाईत त्या जागी चौकोन येतो. रकान्याची लांबी बाइटांत आहे की अक्षरांत, हे डेटाबेस बनवतानाच पाहून घ्या.

पायरी आठवी: हे सगळं कुठे बसवायचं

साठवण, हिशेब, क्रमवारी, शोध या सगळ्या वाटेवर आकडा आकडाच राहू द्या. मजकूर करायचा तो कागदावर किंवा पडद्यावर जायच्या अगदी आधी. आधीच मजकूर केला तर क्रमवारीत '१०' हा '९'च्या आधी येतो आणि 'एप्रिल' 'जानेवारी'च्या. स्वल्पविराम घातलेल्या रकमांची तर बेरीजच होत नाही. प्रत्येक जातीच्या आकड्याला एकच प्रक्रिया ठेवा आणि छपाई, एसएमएस, अहवाल सगळ्यांनी तीच वापरावी. तेलुगू किंवा कन्नड अक्षरी रक्कम हवी असेल तर मराठीची यादी बदलून भागणार नाही, त्या भाषेची संख्या जोडायची रीत वेगळी; तिच्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया लिहा आणि ती बोलणाऱ्याकडून वाचून घ्या.

तपासायला हे आकडे घ्या: ०, १, १९, ५९, ८९, ९९, १००, १०१, ११०, १९९, २००, ९९९, १,०००, १,००१, १,१००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००१, ९९,९९,९९९, १,००,००,०००, आणि एक उणे रक्कम. चुका लपतात त्या याच उंबरठ्यांवर.

यादीसाठी मात्र एवढं पुरत नाही. मी पहिल्यांदा टाइप केली तेव्हा 'शहात्तर' गळलं होतं, आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द एका घरानं सरकून ७६ला सत्त्याहत्तर छापला जात होता. वरच्या चाचण्यांत ८९, ९९ असे ७६च्या पुढचे आकडे नसते तर ते सुटलं असतं. आता प्रोग्राम सुरू होताना यादीत बरोबर शंभर शब्द आहेत का आणि दहा, वीस, तीस ते नव्वद आपापल्या जागी आहेत का, हे तपासलं जातं. नंतर मी आकडे आणि शब्द समोरासमोर छापून तो कागद मुनीमकाकांना दिला. त्यांनी चष्मा लावून शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत मोठ्यानं वाचला, 'नव्व्याण्णव'मधला सुटलेला अर्धा व पेनानं लिहून दाखवला, आणि मग त्याच दिवशी दुरुस्त चलन काढलं:

स्थिती: गाडीत चढवला
तारीख: १४ जानेवारी २०२५, मंगळवार
राज्य: कर्नाटक (२९)
ट्रान्सपोर्टचा एसटीडी कोड: ०२१७
रक्कम: ₹ २७,४३५.८६
अक्षरी रुपये सत्तावीस हजार चारशे पस्तीस आणि शहाऐंशी पैसे फक्त